चॅनेल गायब झालं? नवा अँटेना घेण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत अँटेनावर टीव्ही बघणाऱ्यांचं एखादं चॅनेल अचानक गेलं, की खापर अँटेनावर फुटतं. खरं तर बऱ्याचदा स्टेशननेच जागा बदललेली असते. ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेला गेल्यावर ३८ ते ५१ क्रमांकांची चॅनेलं रिकामी करण्यात आली आणि २०२० च्या जुलैपर्यंत सुमारे हजार स्टेशनं हलली. छोटे बदल अजूनही होतात.

पडद्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तो फक्त पाटीवरचा नंबर. न्यूयॉर्कचं २ नंबरचं चॅनेल प्रत्यक्षात ३६ वर प्रसारित होतं, ७ मात्र खरोखरच ७ वर. खरा आकडा, म्हणजे आरएफ चॅनेल, एफसीसीच्या (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) ऑनलाइन नकाशावर आपला पत्ता टाकून स्टेशनच्या नावावर क्लिक केलं की दिसतो.

स्टेशन हललं असेल तर रीस्कॅन, म्हणजे टीव्हीला चॅनेलं नव्याने शोधायला लावणं, गरजेचं. ते करताना मेनूत ‘केबल’ निवडलेलं राहिलं, तर बहुतेक चॅनेलं सापडतच नाहीत. ‘अँटेना’ किंवा ‘एअर’ हवं. जुनी नोंद चिकटून बसली असेल, तर अँटेनाची वायर काढून एकदा स्कॅन करा (यादी रिकामी होते), टीव्हीचा प्लग मिनिटभर काढा, मग वायर जोडून पुन्हा स्कॅन. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी न्यूयॉर्क एका बाजूला, फिलाडेल्फिया दुसऱ्या. अँटेना वळवून पूर्ण स्कॅन केलं तर पहिली यादी पुसली जाऊ शकते. ‘चॅनेल जोडा’ पर्याय असेल तर तोच वापरा.

भिंतीला चिकटवायचे चपटे अँटेने मुख्यतः यूएचएफसाठी, म्हणजे १४ ते ३६ या आरएफ चॅनेलांसाठी असतात. स्टेशन ७ ते १३ वर असेल तर जुने ‘सशाचे कान’ (दोन दांड्यांचा अँटेना) सरस: प्रत्येक दांडी साधारण ४० सेंटीमीटर, आडवी पसरलेली. फिलाडेल्फियाचं ६ हवं असेल तर सुमारे ८५ सेंटीमीटर. या खालच्या चॅनेलांच्या पट्ट्यात स्वस्त एलईडी दिव्यांचा गोंगाटही घुसतो. दिवा बंद करून बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सिग्नल तुटतोय म्हणून अँम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लावणं. जुने अँम्प्लिफायर ६९८ मेगाहर्ट्झपर्यंत सगळंच वाढवतात. जवळच्या मोबाइल टॉवरचा ६१७ च्या पुढचा सिग्नलही त्यात वाढतो आणि टीव्हीतला चॅनेल पकडणारा भाग, ट्यूनर, गुदमरतो. मग चांगली चॅनेलंही फुटू लागतात. आधी अँम्प्लिफायर काढून तपासा. त्याची गरजच असेल, तर ६०८ च्या वरचं अडवणारा फिल्टर अँटेना आणि अँम्प्लिफायर यांच्यामध्ये बसवा, नंतर नव्हे.