ऑनलाइन शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं मूल्यमापन करताना या चुका टाळा

‘आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का?’ हा प्रश्न मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर) शिकणाऱ्या मुलांच्या फॉर्ममध्ये ठेवून काय हाती लागणार? वर्गातला जुना फॉर्म तसाच पाठवू नका. विचारायचं ते हे: शंकेला उत्तर किती दिवसांत मिळालं? तपासून आलेल्या असाइनमेंटवर गुणांखेरीज काही लिहिलेलं होतं का? या आठवड्यात काय करायचं, हे कोर्स उघडताच कळत होतं का?

सगळ्यात घातक चूक सरासरीची. 60 मुलांपैकी 9 जणांनी फॉर्म भरला आणि 5 पैकी सरासरी 4.2 आली. त्यातल्या एकानेच 5 ऐवजी 1 दिला असता, तर ती 3.8 झाली असती. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची पुढची नेमणूक अशा आकड्यावर ठरवणं हा सरळ अन्याय आहे. फॉर्म परीक्षेनंतर ईमेलने पाठवला की तो कुणी भरत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांतल्या एका लाइव्ह तासात 10 मिनिटं राखून ठेवा, प्राध्यापकांना मीटिंगमधून बाहेर पडू द्या आणि तिथेच भरून घ्या. अहवालात सरासरीशेजारी किती जणांनी 1 दिला, किती जणांनी 5, हेही छापा.

मुलांचे गुण निःपक्ष असतात, असंही धरून चालू नका. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात एक पुरुष आणि एक बाई अशा दोन ऑनलाइन शिक्षकांची नावं अदलाबदल केली होती. असाइनमेंट दोघांनी एकाच वेळी परत दिल्या, तरी तत्परतेसाठी पुरुषाच्या नावाला 4.35 आणि बाईच्या नावाला 3.55 गुण मिळाले.

म्हणून कोर्स सहकाऱ्याकडूनही पाहून घ्या. पहिला आठवडा नको, तो सगळेच नटवतात. मधले कुठलेही दोन निवडा. पाहणाऱ्याला विद्यार्थी म्हणून आत सोडलं, तर इतरांना दिलेले शेरे त्याला दिसतच नाहीत. मूडलमध्ये ‘नॉन-एडिटिंग टीचर’ ही भूमिका द्या. तिच्यात गुण देता येतात, तेव्हा त्याला हात लावायचा नाही हे आधीच बजावा.

लॉगमधल्या, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याच्या मूडलमधल्या नोंदीतल्या, क्लिक मोजून मेहनत कळत नाही. सगळ्या असाइनमेंट एकदम डाउनलोड करून घरी तपासणारे प्राध्यापक लॉगमध्ये गैरहजर दिसतात. हजेरीचंही तेच. संध्याकाळी साडेसहाच्या तासाला अर्धी मुलं विरार नाहीतर कल्याण लोकलमध्ये उभी असतात. आधी वेळ बदलून पाहा, रेकॉर्डिंग किती जणांनी उघडलं ते बघा.

आणि पाचव्या आठवड्यात दोनच प्रश्न विचारा: काय कळतंय, काय अडतंय? ही उत्तरं फक्त प्राध्यापकांकडे जाऊ द्यात, फाइलमध्ये नकोत.