नर्सरीच्या फीतले पैसे कुठून परत मिळतात

जानेवारीत ऑफिसं ‘प्रूफ द्या’ म्हणून मागे लागतात आणि माझ्या टेबलावर नर्सरीच्या पावत्या येऊन पडतात. सांगलीत मी पगारदारांची रिटर्नं भरून देते. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पिल्लूच्या फीचं काही होतं का?" होतं. पण मी आधी विचारते, नोकरी कुठे आणि पावतीवर लिहिलंय काय?

आई किंवा बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत असतील, म्हणजे रेल्वे, पोस्ट वगैरे, तर त्यांचं काम सोपं. बालशिक्षण भत्ता नर्सरीपासून मिळतो. 1 जानेवारी 2024 पासून तो एका मुलामागे महिना 2,812.50 रुपये, म्हणजे वर्षाला 33,750 आहे आणि सगळ्यांत थोरल्या दोन मुलांसाठी मिळतो. प्रत्यक्ष फी कमी असली तरी रक्कम तेवढीच. आर्थिक वर्ष संपलं की मुख्याध्यापकांचं बोनाफाईड जोडून अर्ज करायचा. दोघंही सरकारी असाल तर एकानेच. मूल दिव्यांग असेल तर रक्कम दुप्पट. शिवाय कर्मचारी स्वतः दिव्यांग महिला असेल, तर बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत महिना 3,750 रुपये वेगळे मिळतात.

खासगी नोकरीवाल्यांसाठी आयकराची वजावट आहे, आपलं जुनं 80सी. (1 एप्रिल 2026 पासून नव्या कायद्यात तेच कलम 123.) प्ले स्कूल, प्री-नर्सरी, नर्सरी सगळं यात बसतं, पण फक्त ट्यूशन फी. आणि इथेच पावती नडते. परवा एक आली होती: ‘एकूण फी 60,000 मिळाले’, खाली शिक्का आणि सही. या कागदाचं मी काय करू? शाळेकडून फोड करून आणा म्हटलं. नवी पावती आली त्यात ट्यूशन फी 42,000 आणि बाकी डेव्हलपमेंट, बस, युनिफॉर्म, खाऊ. हिशेबात 42,000 धरायचे. कराच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट (करावरचा उपकर धरून) 8,736 रुपये वाचतात. डोनेशनचं नाव काढू नका, ते चालत नाही. शाळा फोड द्यायला कुरकुर करते, तरी फी भरतानाच मागून घ्या. मार्चमध्ये मागायला गेलात की ‘अकाउंटंट रजेवर आहेत’ हे ऐकून परत यावं लागतं.

मर्यादा दीड लाखाची, आणि त्यातच पीएफ, एलआयसी, घरकर्जाचं मुद्दल हे सगळं येतं. पीएफनेच ती भरली असेल तर फीची पावती फाईलला लावून उपयोग शून्य. अशा वेळी नवराबायको दोघं कमावते असाल तर ज्याच्या मर्यादेत जागा आहे त्याच्या खात्यातून फी भरा, कारण भरणाऱ्यालाच वजावट मिळते.

हे सगळं जुन्या करप्रणालीत. नव्यात पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत करच लागत नाही, तेव्हा निव्वळ नर्सरीच्या फीसाठी जुनी धरून बसण्यात अर्थ नाही. दोन्ही आकडे काढून बघा आणि मग ठरवा.

पाळणाघराच्या पैशांना ही वजावट नाही. तिथे मालकाकडे बघायचं. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे, 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून. दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जायचा हक्कही आईला आहे. एचआरला तोंडी विचारू नका, मेल टाका. लेखी प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं.

उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या मोफत 25 टक्के जागांचा अर्ज भराच. काही शाळांत हा प्रवेश नर्सरीपासून असतो, काहींत पहिलीपासून, ते यादीत बघून घ्या. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही. तहसीलदाराचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा अर्ज सुरू होण्याआधीच काढून ठेवा, कारण सोडतीत नंबर लागून कागदावाचून प्रवेश गेलेली पोरं मी पाहिलीत.

आणि अंगणवाडी? तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे शिकवतात, गरम जेवण देतात, फी नाही. ‘आपल्यासारख्यांसाठी नसते ती’ असं म्हणणारे माझ्याकडे पुष्कळ येतात. सेविकाताईंना भेटून, वर्ग बघून मग काय ते बोला.