वाड्याच्या माडीसाठी अस्सल लाकडी फळ्या निवडताना या चुका टाळा

पुणे, वाई, सातारा या भागांतील जुन्या वाड्यांच्या माडीची जमीन बहुधा कडीपाटाची असते, म्हणजे तुळयांवर कड्या (लहान आडवी लाकडे), कड्यांवर पाट (फळ्या) आणि त्यावर मातीचा थर. तिची दुरुस्ती काढली की मालक आधी फळीचा रंग निवडतात आणि खाली काय आहे हे मागाहून पाहतात. पुढची निम्मी दुखणी या उलट्या क्रमातून येतात.

सगळे जुने लाकूड उपटून टाकणे ही पहिली चूक. सागवानी कडी सहसा भिंतीत रुतलेल्या टोकाशीच कुजते, कारण गळतीचे पाणी तिथे मुरते. टोच्या सहज आत जातो तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या लाकडाचा सांधा द्यावा. वारसा यादीतील वास्तू असेल, तर कामाला हात लावण्यापूर्वी संबंधित समितीची परवानगी घ्यावी.

समपातळीसाठी काँक्रीट ओतणे ही त्याहून गंभीर चूक होय. दहा सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट दर चौरस मीटरला सुमारे 240 किलो भरते, तर 20 मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळ्या जेमतेम 13 किलो. शिवाय ओल्या काँक्रीटचे पाणी आधी कड्यांत आणि मग नव्या फळ्यांत उतरते.

लाकडाची निवड खरी ठरते ती ओलाव्यावर. उन्हाळ्यात आठ टक्के ओलावा असलेली फळी पावसाळ्यात चौदा टक्क्यांवर गेली, तर 150 मिलिमीटर रुंदीची साधी चिरलेली सागवानी फळी सुमारे पावणेदोन मिलिमीटर फुगते. बारा फुटी खोलीत अशा चोवीस फळ्या बसतात, म्हणजे एकूण फुगवटा चार सेंटिमीटरच्या घरात जातो. त्याच मापाची पांढऱ्या ओकची फळी जवळजवळ दुप्पट हलते, म्हणून कॅटलॉगमधला परदेशी ओक आपल्या पावसाळ्यात बेताने वापरावा. वर्षवलये फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात येतील अशी चिराई मागितली, तर सागवानाची हालचाल निम्म्यावर येते. अशी फळी महाग पडते, परंतु माझ्या मते पैसे खर्च करावेत ते इथेच. रुंदी 100 मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, भिंतीलगत फट सोडून ती पट्टीखाली झाकावी, आणि फळ्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या देऊन, ओलावा-मापकावरचा आकडा स्थिर होईपर्यंत रचून ठेवाव्यात. “माल सुकवलेलाच आहे” हे दुकानदाराचे वाक्य पुरावा मानू नये. कोवळ्या झाडाच्या सागवानात फिकट, बाहेरचा भाग जास्त निघतो आणि वाळवी आधी त्यालाच लागते. त्यामुळे फळीच्या दोन्ही कडा पाहूनच माल उचलावा.

फळ्या बसवल्यानंतर कडा वर उचलल्या आणि मध्य खाली राहिला, तर खालची बाजू ओली आहे असे समजावे. अशा वेळी लगेच पॉलिश मशीन फिरवू नये. उचललेल्या कडा घासून सपाट केल्या, तर वाळल्यावर त्याच फळ्या मध्यभागी फुगलेल्या दिसतात. आधी गळती, नळ आणि खालच्या खोलीची ओल शोधावी, जमीन पूर्ण वाळू द्यावी. बऱ्याच कडा आपोआप खाली बसतात. पाऊल पडताच करकर येत असेल, तर सैल खिळा पुन्हा ठोकण्याऐवजी त्याजागी पितळी स्क्रू घालावा, कारण साधा लोखंडी खिळा ओलाव्यात गंजतो आणि लाकडावर काळे डाग सोडतो.