बोन मॅरो टेस्टला जाताना: आधी काय विचारायचं, टेबलावर काय होतं, नंतर काय सांभाळायचं

डॉक्टरांनी बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज काढून तपासायची टेस्ट, करायला सांगितली की घरात पहिला प्रश्न ठरलेला, पाठीच्या मणक्यात सुई घालणार का आणि पाय लुळे पडले तर? बाबांच्या वेळी आमच्याकडे अगदी हेच झालं, आईला दोन रात्री झोप नव्हती. म्हणून सगळ्यात आधी ही भीती काढून टाका. मणक्यातून पाणी काढतात ती टेस्ट वेगळी. ही सुई जाते कमरेच्या मागच्या बाजूला, पाठीच्या खाली दोन बाजूंना दोन खळगे दिसतात ना, तिथल्या जाड हाडात, आणि मज्जारज्जू तिथे नसतोच.

ही टेस्ट लागते कशाला? तर लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सगळ्या हाडातल्या मगजात तयार होतात. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या रक्ततपासणीत, दिसतं ते फक्त तिथून बाहेर पडलेलं, आत काय बिघडलंय ते दिसत नाही. तिन्ही पेशी कमी आल्या, कच्च्या पेशी रक्तात दिसल्या, किंवा मायलोमा, लिम्फोमा अशा रक्तपेशींच्या कॅन्सरची शंका आली की आत बघावं लागतं. पण टेस्ट सांगितली म्हणजे कॅन्सरच असं धरून बसू नका हो, बी-12 खूप कमी झालं तरी तिन्ही पेशी घसरतात, त्यामुळे बी-12 आधी तपासलंय का एवढं नक्की विचारा.

आता तयारी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, काहीही, तर ते आधीच सांगा, आणि स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, कधी थांबवायची की थांबवायचीच नाही हे डॉक्टर ठरवतील. दाताच्या भुलेची कधी ॲलर्जी आली असेल तर तेही सांगा. प्लेटलेट कमी असतील तरी बहुतेक वेळा टेस्ट करता येते, फक्त नंतर जास्त वेळ दाबून धरावं लागतं. नुसती जागेवरची भूल असेल तर सहसा हलकं खाऊन जाता येतं, पण झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर सांगितलेले तास उपाशी राहायचं आणि परत आणायला कोणीतरी सोबत हवंच. जुने सगळे रिपोर्ट, औषधांची यादी आणि शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख जवळ ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सुई घालायच्या आधी विचारा की आज कोणकोणते सॅम्पल घेणार. कारण बोन मॅरो म्हणजे एक टेस्ट नाही. पातळ मगज ओढून काचेवर पसरतात ती स्लाईड, हाडाचा बारीक तुकडा काढतात ती बायोप्सी, फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशी नेमक्या कोणत्या प्रकारच्या ते मशीनवर ओळखायला, वेगळी ट्यूब, क्रोमोसोम बघायला आणखी वेगळी. प्रत्येकालाच सगळं लागतं असं नाही, पण लागणार असेल तर एकाच वेळी घेतलेलं बरं. बाबांचे पहिल्या वेळी फक्त स्लाईड आणि बायोप्सी गेली, मग फ्लो हवी म्हणून बारा दिवसांनी पुन्हा सुई. ते बारा दिवस अजून आठवतात मला.

टेबलावर कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायचे. जागा साफ करून भुलेचं इंजेक्शन देतात, ते चुणचुणतं. भूल हाडाच्या वरच्या पातळ आवरणापर्यंत पोचायला हवी कारण जास्त दुखतं तिथे, म्हणून दोन-चार मिनिटं थांबू द्या आणि तरी टोचतंय वाटलं तर लगेच बोला, आणखी भूल देता येते. मग दाब जाणवतो, बराच जोराचा. सिरिंजने मगज ओढतात तेव्हा एक विचित्र कळ येते, कधी मांडीपर्यंत जाते, आणि हाडाच्या आतल्या त्या ओढीवर जागेवरची भूल चालत नाही. खोटं सांगणार नाही, ते दुखतं, पण काही सेकंदच. 'आता ओढतोय' असं आधी सांगा म्हणून डॉक्टरांना विनंती करा आणि त्या वेळी हळूहळू श्वास सोडत राहा. नंतर सुई फिरवत फिरवत साधारण दीड-दोन सेंटीमीटरचा हाडाचा तुकडा काढतात. कधी मगज येतच नाही, मगजात तंतूंची जाळी धरली असेल किंवा पेशी खच्चून भरल्या असतील तर असं होतं, मग सगळी भिस्त त्या तुकड्यावर. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास.

झाल्यावर जागा दाबून धरतात, मग थोडा वेळ उताणं झोपवतात म्हणजे स्वतःच्या वजनाने दाब राहतो. ड्रेसिंग 24 तास कोरडं ठेवा. दोन-चार दिवस ठणकतं, त्याला पॅरासिटामॉल, डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको. रक्त थांबत नाही, ताप आला, जागा लाल होऊन सुजली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय किंवा पाय बधिर वाटतोय, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता फोन करा. काढलेला मगज चमचा-दोन चमचेच असतो, शरीर तो भरून काढतं, अशक्तपणा येईल ही भीती नको.

रिपोर्ट तुकड्यातुकड्यात येतो. स्लाईडचा एक-दोन दिवसात येऊ शकतो, बायोप्सीत हाड आधी मऊ करावं लागतं म्हणून आठवडाभर, क्रोमोसोमचा दोन-तीन आठवडे. ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी, त्या एरवी 5 टक्क्यांच्या आत असतात आणि 20 टक्के किंवा जास्त असतील तर अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, धरतात, पण काही जनुकीय बदल असतील तर कमी असूनही धरतात, त्यामुळे एकच आकडा मोबाईलवर शोधून रात्र जागवू नका. सेल्युलॅरिटी म्हणजे मगजाचा किती भाग रक्त बनवणाऱ्या पेशींनी भरलाय ते, ती वयाबरोबर कमी होते, अंदाज म्हणून 100 वजा वय, म्हणजे सत्तरीत 30 टक्के दिसले तर दचकायचं कारण नाही.

दुसरं मत घ्यायचं असेल तर स्लाईड आणि बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तो हाडाचा तुकडा, लॅबकडून मागून घ्या. दुसरे पॅथॉलॉजिस्ट बऱ्याचदा त्यावरूनच बघू शकतात, नव्याने सुई घालायची वेळ सहसा येत नाही.