परदेशी बंदरात उतरता यावे म्हणून: नागपूरहून जहाजावर जाणाऱ्यांसाठी कागदपत्रांची तयारी

नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलामुलींची तयारी बहुधा प्रवेश परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि पहिली जॉइनिंग इथवरच विचारात घेतली जाते. जहाजापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा व्हिसा कंपनी पाहून घेते, त्यामुळे घरचेही त्यात फारसे लक्ष घालत नाहीत. परंतु जहाजावर चढल्यानंतर पुढील सहा-आठ महिन्यांत ते ज्या बंदरांना लागेल, तेथे खाली उतरता येईल की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. कंपनीचे काम तुम्ही गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, चढलात की भागते. तुम्ही तो कधी उतरणार, याची विचारणा तुम्हालाच करावी लागते. या विचारणेवर बंदराच्या गावातील दुकानदार, टॅक्सीवाले आणि खलाशांसाठी चालणारी सेवाकेंद्रे यांचेही बरेच काही अवलंबून असते, म्हणून त्यांची बाजूही येथे मांडली आहे.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करून घ्याव्यात. विमानाने परदेशात जाऊन जहाजावर रुजू होणे, म्हणजे साइन ऑन, याची परवानगी एक. जहाज बंदरात असताना काही तासांसाठी शहरात जाऊन येणे, म्हणजे शोअर लीव्ह, याची परवानगी दुसरी. आणि टर्मिनलच्या आवारातून फाटकापर्यंत जाऊ देण्याची सुरक्षा विभागाची परवानगी तिसरी. एका देशात पहिलीसाठी व्हिसा लागतो आणि दुसरीसाठी लागत नाही. दुसऱ्या देशात दोन्हींसाठी लागतो. आणि कधी व्हिसा असूनही तिसरी परवानगी अडते. नवख्या कॅडेटचा गोंधळ बहुतेक वेळा या तिन्ही गोष्टी एकच समजल्यामुळे होतो.

आधी नाव जुळवून घ्या

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टमध्ये मात्र आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेल्या नावाचा वेगळा. अर्ज भरणाऱ्याने घाईत तिन्ही शब्द एकाच रकान्यात टाकले आणि आडनावाचा रकाना कोरा ठेवला, तर ती चूक पुढे इंडोस क्रमांक (खलाशाचा भारतीय नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाची अधिकृत सेवापुस्तिका), एसटीसीडब्ल्यू (प्रशिक्षणाची आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्रे आणि व्हिसा अशी सर्वत्र पाठलाग करते. वडिलांचे नाव एका कागदावर ‘रामराव’ आणि दुसऱ्यावर नुसते ‘राम’ असणे ही विदर्भात नित्याची बाब आहे. घरी तिचे कोणाला काही वाटत नाही, पण जहाजाच्या क्रू लिस्टशी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या यादीशी, पासपोर्ट ताडून पाहणाऱ्या इमिग्रेशन अधिकाऱ्याला वाटते. प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपुरातच असल्याने ही दुरुस्ती इंडोससाठी अर्ज करण्यापूर्वी, म्हणजे घरी असतानाच, करून घेणे सर्वांत सोयीचे.

त्याच सुमारास खलाशांच्या बायोमेट्रिक ओळखपत्राचीही चौकशी करावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००३ साली १८५ क्रमांकाचा करार संमत केला. ज्याच्याजवळ या करारानुसार दिलेले ओळखपत्र आहे, त्याला तात्पुरत्या शोअर लीव्हसाठी व्हिसा मागू नये, असा त्यामागचा हेतू आहे. भारताने २०१५ मध्ये हा करार मान्य केला आणि २०२० पासून चेहऱ्याच्या बायोमेट्रिक नोंदीसह हे ओळखपत्र देण्यास सुरुवात केली. त्यासाठी आधी सीडीसी लागते, आणि नोंदणीसाठी मुंबई, गोवा, कोची, चेन्नई अशा ठिकाणच्या केंद्रांवर जावे लागते. मुंबईला कोर्ससाठी जाणार असालच, तर त्या फेरीतच हे काम उरकावे. मात्र हे कार्ड सर्व देशांत चालत नाही. ज्या देशांनी करार मान्य केलेला नाही, त्यांवर ते बंधनकारक नाही, आणि त्यांत अमेरिका आहे.

अमेरिकेचा सी१/डी व्हिसा

अमेरिकेच्या बाबतीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते, कारण तेथे व्हिसाविना शोअर लीव्ह मिळत नाही. २००४ पर्यंत संपूर्ण क्रू लिस्टवर एकत्रित व्हिसा घेता येत असे; सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि ती सोय बंद करून प्रत्येक खलाशाचा वैयक्तिक व्हिसा सक्तीचा झाला. त्यातील ‘सी१’ हा भाग विमानाने जाऊन जहाज गाठण्यासाठी आहे आणि ‘डी’ हा भाग जहाजावरील कर्मचारी म्हणून उतरण्यासाठी. व्हिसा असलेल्या खलाशाला बंदरात आलेला इमिग्रेशन अधिकारी जास्तीत जास्त २९ दिवसांपर्यंतचा उतरण्याचा परवाना देऊ शकतो. ज्याच्याजवळ व्हिसा नाही, त्याला जहाजावरच थांबवून ठेवण्याचा लेखी आदेश कॅप्टनच्या हाती पडतो, आणि तो माणूस उतरून गेल्यास जबाबदारी व दंड जहाज कंपनीकडे येतो. त्यामुळे कॅप्टन कितीही भला असला तरी येथे सवलत देत नाही.

नागपुरात अमेरिकेचा वाणिज्य दूतावास नाही. मुलाखतीसाठी बहुतेकांना मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुल गाठावे लागते. डीएस-१६० हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तो सीताबर्डीतील एखाद्या सायबर कॅफेत दुसऱ्याकडून भरून घेतला, तरी पाठवण्यापूर्वी प्रत्येक पान स्वतः वाचावे, विशेषतः नाव, जन्मस्थळ आणि कंपनीचा पत्ता. छायाचित्र ५१ मिलिमीटर चौरस आणि चष्म्याशिवाय असावे लागते. बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची भेट मुलाखतीआधी आणि वेगळ्या केंद्रात असते, म्हणून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघून सकाळी मुंबईत उतरणाऱ्याने दोन्ही भेटींच्या तारखा लागोपाठ मिळतील असे पाहावे, अन्यथा दोन फेऱ्या पडतात. सोबत पासपोर्ट, सीडीसी आणि कंपनीचे पत्र हवे. पत्रात पद, जहाज आणि कराराची मुदत स्पष्ट लिहिलेली असावी. मुलाखतीत बहुधा कामाविषयीच विचारतात: कोणते पद, कोणते जहाज, याआधी कोठे होता. जे खरे आहे ते थोडक्यात सांगावे.

“आमचे जहाज अमेरिकेला जात नाही” असे कंपनीने सांगितले, तर ते आजच्या घडीला खरे असेल, पण तेवढ्यावर विसंबू नये. टँकर आणि बल्क कॅरियर यांचा पुढचा प्रवास माल कोठला मिळतो यावर ठरतो, आणि ब्राझीलला निघालेले जहाज ह्यूस्टनकडे वळले की समुद्राच्या मधोमध व्हिसा काढता येत नाही. माझ्या मते, ज्याला या क्षेत्रात पाच-सात वर्षे काढायची आहेत त्याने सी१/डी व्हिसा पहिल्या संधीलाच मागावा.

युरोप आणि ऑस्ट्रेलिया

युरोपात नियम बराच उदार आहे. रॉटरडॅमला विमानाने जाऊन जहाज गाठायचे असेल तर भारतीयाला शेंगेन व्हिसा लागतो; पण जहाजानेच तेथे पोहोचलेल्या आणि आधी सादर केलेल्या क्रू लिस्टवर नाव असलेल्या खलाशाला बंदराच्या गावात आणि लगतच्या नगरपालिकांच्या हद्दीत व्हिसाविना फिरता येते. त्यापलीकडे, उदाहरणार्थ रेल्वेने पॅरिसला, जाता येत नाही.

ऑस्ट्रेलियाने २००८ पासून मेरिटाइम क्रू व्हिसा सक्तीचा केला. तो ऑनलाइन मिळतो, त्याला शुल्क नाही आणि मुदत तीन वर्षांची असते, म्हणून तो न काढण्याचे काही कारण उरत नाही. फक्त तो समुद्रमार्गे येणाऱ्यांसाठी आहे. विमानाने जाऊन रुजू होणाऱ्याला वेगळा व्हिसा लागतो.

बंदराच्या गावात काय घडते

न्यू जर्सीतील पोर्ट न्यूअर्क येथे खलाशांचे जुने सेवाकेंद्र आहे. अशा केंद्रांची व्हॅन जहाजाच्या गँगवेपाशी येते, उतरण्याचा परवाना असलेल्यांना बाजारात सोडते आणि ठरल्या वेळी परत आणते. कंटेनर जहाज अनेकदा एका दिवसाच्या आतच बंदर सोडते, त्यामुळे हाताशी तीन-चार तास असतात आणि त्यात सिमकार्ड, घरी पाठवायचे पैसे, औषधे, गरम जेवण अशी यादी उरकायची असते. ज्यांच्याजवळ व्हिसा नाही, ते ही यादी कागदावर लिहून केंद्राच्या स्वयंसेवकाकडे देतात. तो शहरातून वस्तू आणून देतो, किंवा सिमकार्डांचा गठ्ठा घेऊन स्वतःच गँगवे चढतो. काम भागते, पण हॉटेलातील टेबल, टॅक्सीची फेरी आणि दुकानातील रेंगाळणे यातून गावाला मिळणारा पैसा बुडतो. सेवाकेंद्रांपुढेही अडचण उभी राहते: इमारत, कॅरमचा बोर्ड आणि इंटरनेट तयार असते, पण येणारा माणूस दोन किलोमीटरवरच्या जहाजात अडकलेला असतो.

याउलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. २०२० मध्ये कोविडमुळे देशोदेशींनी खलाशांना उतरू देणे थांबवले आणि वर्षाअखेरीस सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दिला. त्या काळात केरळमधील कोची आणि विळिंजम येथे जहाजांवरील माणसे बदलण्यास परवानगी मिळाली. विळिंजमचे मोठे कंटेनर बंदर तेव्हा सुरूही झाले नव्हते. जहाजे किनाऱ्याजवळ येऊन थांबत आणि माणसांची ने-आण बोटीने होई. त्या एका परवानगीमुळे बोटवाले, एजंट, हॉटेले, टॅक्सीचालक आणि चाचणी प्रयोगशाळा या सर्वांना काम मिळाले.

नागपूरचा माल अजनीच्या कंटेनर डेपोतून रेल्वेने न्हावा शेवाला जातो आणि तेथे तो ज्या जहाजात चढतो, त्यावरचे खलाशी बहुधा फिलिपिनो, चिनी किंवा युक्रेनियन असतात. त्यांनाही उरण-मुंबईत फिरण्यासाठी आपल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याकडून शोअर पास घ्यावा लागतो. आपल्या मुलांना ह्यूस्टनमध्ये जे हवे आहे, तेच त्यांना येथे हवे असते.

उतरू दिले नाही तर

कारण विचारावे, आणि ते शांतपणे, कॅप्टनमार्फत विचारावे. सागरी वाहतूक सुलभ करण्याविषयीच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१८ पासून लागू असलेल्या तरतुदींनुसार, परवानगी नाकारल्यास त्याचे कारण खलाशाला व कॅप्टनला सांगितले पाहिजे आणि मागणी केल्यास ते लेखी दिले पाहिजे; राष्ट्रीयत्व, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभावही करता येत नाही. अडथळा टर्मिनलच्या फाटकावर असेल, तर अमेरिकेत तटरक्षक दलाचा २०१९ चा नियम उपयोगी पडतो. त्यानुसार टर्मिनलने खलाशाला जहाजापासून फाटकापर्यंत विनाविलंब आणि विनाशुल्क नेण्याची व्यवस्था ठेवली पाहिजे. त्यापूर्वी काही टर्मिनल या थोड्याशा अंतरासाठी भरमसाट पैसे मागत. अशा वेळी स्थानिक सेवाकेंद्राला फोन करणे सर्वांत परिणामकारक ठरते, कारण फाटकावरच्या माणसांशी त्यांचा रोजचा संबंध असतो.

पैसे कोणी भरायचे

व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो. २००६ च्या सागरी कामगार करारात, जो भारताने २०१५ मध्ये मान्य केला, हे स्पष्ट लिहिले आहे: वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च खलाशावर टाकता येतो, व्हिसाचा नाही; आणि नोकरी मिळवून देण्याबद्दलही त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे ‘जॉइनिंग आणि व्हिसा मिळून इतके लाख’ असा भाव सांगणारा एजंट नागपुरात किंवा मुंबईत भेटला, तर त्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना क्रमांक मागावा आणि तो नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासावा. क्रमांक देण्यास तो टाळाटाळ करू लागला, तर पासपोर्ट त्याच्या हाती देऊ नये. खऱ्या कंपनीने सी१/डीचे शुल्क आधी तुम्हाला भरायला सांगितल्यास पावती जपून ठेवावी आणि परताव्याची मागणी ईमेलने करावी.

पासपोर्टची मुदत संपून नवा घेतला, तरी जुना टाकू नये. त्यातील अमेरिकेचा व्हिसा रद्द केलेला नसेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल, तर तो नव्या पासपोर्टसोबत दाखवता येतो. म्हणून दोन्ही पासपोर्ट एकत्र ठेवावेत आणि जहाजावर कागदपत्रे कॅप्टनकडे जमा करताना दोन्ही द्यावेत.