गोणपाटावरचा तोफखाना: कॅडेटांच्या सरावाची तयारी

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात आहे, त्यामुळे सैन्यात जायचं वेड असलेली पोरं इथं गल्लोगल्ली भेटतात. त्यांना तोफ दाखवता आली नाही तरी तोफेचा मारा दुरुस्त करायला, म्हणजे गोळा कुठं पडला ते बघून पुढचा नेम सुधारायला, शिकवता येतं. त्यासाठी दारू लागत नाही. फटाकासुद्धा आणू नका, हे आधीच बजावून ठेवतो.

जागा म्हणून शाळेचं सभागृह धरा. आपल्याकडचा पावसाळी वारा पावडर टिकू देत नाही. खानापूरकडचे बांबू आणून 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद चौकट कमरेइतक्या उंचीवर बांधा आणि त्यावर उसवून जोडलेली तांदळाची पोती ताणून शिवा. 1 सेंटिमीटर म्हणजे 10 मीटर. राजहंसगडाचा डोंगर, येळ्ळूरची शिवारं, बांध, पायवाटा काढा, पण काव आणि पातळ रंगानंच. ऑइल पेंटनं विणीची भोकं बुजतात. लक्ष्य एकटं झाड किंवा खाण असावं. गावातल्या घरांवर मारा मुलांकडून करून घेऊ नये, खोटासुद्धा.

गोणपाटाखालून दर 10 सेंटिमीटरला दोरा ताणून चौकोनांना आकडे द्या. खाली बसणाऱ्या कॅडेटकडे टाल्कम पावडरची दाबायची बाटली, नाकाला रुमाल, डोळ्यांना गॉगल. दाबली की वर पांढरा ढग उठतो, तोच पडलेला गोळा. या कॅडेटचं तोंड निरीक्षक, म्हणजे वरून ढग बघून दुरुस्ती सांगणारा, बघतो त्याच दिशेला हवं. आमच्याकडे पहिल्या दिवशी तो उलटा बसला होता, ‘उजवीकडे’ म्हटलं की गोळा डावीकडे पडायचा आणि निरीक्षक पोरगी रडकुंडीला आली.

निरीक्षकाला पुढच्या 2 मीटरच्या कडेपासून दीड मीटर मागं, टेबलावर बसवा, म्हणजे पटाचा मध्य 3 किलोमीटरवर येतो. हातात पट्टी, तिला 50 सेंटिमीटरचा दोरा, दोऱ्याची गाठ गालाशी. कोन मोजायचा मिलमध्ये, पूर्ण वर्तुळाचे 6400 मिल. दोऱ्याच्या अंतरावर धरलेल्या पट्टीचे 5 मिलिमीटर म्हणजे साधारण 10 मिल, आणि 3 किलोमीटरवर तेवढे म्हणजे 30 मीटर.

हलगीवाला विसरू नका. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणून मध्यावर ढग दिसल्यावर नऊ सेकंदांनी एकच थाप. ते नऊ सेकंद पोरं श्वास रोखून मोजतात, आणि अंतर म्हणजे काय ते तिथं कळतं.

गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला तर चारशे मीटर कमी, अलीकडे पडला तर दोनशे जास्त, मग शंभर, मग पन्नास. प्रत्येक ढगानंतर दुरुस्ती मोठ्यानं, एकदाच. वहीत नोंद दुसऱ्यानं करायची.

जुना टॉवेल आणि झाडू जवळ ठेवा.