भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये पीसीएन आली तर हाताशी काय काय हवं

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, तिथल्यांनी यातलं तारखांचं गणित वापरू नये. आणि आधी नोटीस नीट बघा: कौन्सिलची आहे की खासगी कंपनीची? दोन्हींना पीसीएन म्हणतात (कौन्सिलची ‘पेनल्टी चार्ज नोटीस’, खासगी कंपनीची ‘पार्किंग चार्ज नोटीस’), आणि तो गोंधळ कंपन्यांच्या पथ्यावरच पडतो. कौन्सिलची असेल तर इथेच थांबा, तिचा मार्ग वेगळा. खासगी असेल तर तो सरकारी दंड नाही. ‘तुम्ही आमच्याशी केलेला करार मोडलात’ असं म्हणणाऱ्या कंपनीने पाठवलेलं ते बिल आहे. म्हणून करार कोणाचा, कोणाशी आणि आधीचा कोणता, यावरच सगळं ठरतं.

तेव्हा पहिली वस्तू लीज. टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट नव्हे, लीज. तुमच्या लँडलॉर्डने फ्लॅट घेतला तेव्हा त्याच्या हातात आलेला, शंभर-सव्वाशे वर्षांच्या मुदतीचा, कोणीच न वाचलेला जाडजूड कागद. मागच्या वेळी मी डॅशबोर्डवरून घसरलेल्या परमिटचा फोटो आणि वर दिलगिरी पाठवली, लीज मागवायचं सुचलंच नाही, आणि शेवटी पैसे भरले. परमिट होतं, घसरलं, माफ करा, असं लिहिणं म्हणजे परमिट लावायची अट आपल्याला मान्य आहे असं स्वतःच लिहून देणं. ती अट तुम्हाला लागू होते का, हाच तर मुळात प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर लीजमध्ये असतं.

कारण असं. कंपनीचा सगळा दावा तिच्या पाटीवर उभा असतो: पाटी म्हणजे अटी, गाडी लावलीत म्हणजे अटी मान्य. २०१५ च्या पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या निकालात सुप्रीम कोर्टाने ८५ पौंडांचा चार्ज वैध ठरवला, आणि तेव्हापासून या कंपन्यांच्या पत्रांत त्या निकालाचा जप चालतो. पण ते प्रकरण चेम्सफर्डच्या रिटेल पार्कचं होतं, दोन तास फुकट पार्किंगचं. तिथे गाडी लावणाऱ्याला स्वतःचा कसलाच हक्क नव्हता, पाटीने दिला तेवढाच. तुमचं तसं नाही. लीजमध्ये फ्लॅटसोबत पार्किंगचा हक्क दिलेला असेल आणि त्यात परमिटचं नाव नसेल, तर नंतर आलेल्या तिऱ्हाईत कंपनीला भिंतीवर पाटी ठोकून तो कमी करता येत नाही. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात जॉप्सन विरुद्ध होमगार्ड या अपिलात हाच मुद्दा होता: सामान उतरवायला इमारतीच्या दाराशी थोडा वेळ थांबवलेली गाडी. न्यायाधीशांनी रहिवाशाच्या बाजूने निकाल दिला. लीजमधला हक्क कंपनीच्या पाटीने बदलत नाही, आणि सामान चढवणं-उतरवणं म्हणजे पार्किंग नव्हे, हेही सांगितलं. काउंटी कोर्टाचा निकाल इतरांवर बंधनकारक नसतो, पण त्याला वजन असतं. निकालाची प्रत काढून ठेवा.

लीज मिळवायची कशी? लँडलॉर्डला ईमेल करा, फोन नको. तो टाळाटाळ करणार हे धरून चाला. त्याला त्या भानगडीत पडायचं नसतं. आठवडाभर वाट पाहून सरळ एचएम लँड रजिस्ट्रीकडे, म्हणजे घर-जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, अर्ज करा, लँडलॉर्डची परवानगी लागत नाही. सरकारी संकेतस्थळावरूनच जा. तेच कागद दामदुपटीने विकणारी दुकानं शोधात सगळ्यात वर दिसतात. मागवताना टायटल रजिस्टर नव्हे, लीजची प्रत मागा. रजिस्टर हा दोन-चार पानांचा गोषवारा असतो, पार्किंगचे शब्द त्यात बहुतेकदा नसतात.

आली की वाचा. सगळी. हक्कांची यादी बहुधा मागच्या परिशिष्टात असते. तुमच्या बाजूचं वाक्य सापडलं म्हणून तिथेच थांबू नका. ‘व्यवस्थापन वेळोवेळी नियम करू शकेल’ अशा अर्थाचं कलमही शोधा. ते असेल तर तुमची बाजू लंगडी आहे, आणि हे कोर्टात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. तसं कलम नसेल आणि मॅनेजिंग एजंट (इमारतीचा कारभार बघणारी कंपनी) ‘सगळ्या रहिवाशांना पत्र पाठवलं होतं’ म्हणत असेल, तर पत्राने लीज बदलत नाही. १९८७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या कलम ३७ खाली बहुमताने लीज बदलायच्या तर ट्रायब्युनलकडे जावं लागतं, आणि आठाहून जास्त लीज असतील तर किमान ७५ टक्के संमती लागते आणि विरोध १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. हे झालं होतं का, एवढंच विचारा.

मग टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट. लँडलॉर्डला मिळालेला हक्क तुमच्यापर्यंत पोचला, हे दाखवणारी ही कडी. त्यात पार्किंगचा उल्लेख असेल तर उत्तम. नसेल तर लँडलॉर्डकडून दोन ओळी लिहून घ्या की अमुक जागा या फ्लॅटची आहे आणि ती वापरायला भाडेकरूला दिली आहे. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर कधी ‘बे नंबर अमुक तुमचा’ असं लिहिलं असेल तर तो संवाद जपा. पण हे लीजशिवाय अर्धंच. लीज मागवलीत ना? मागवा, मग पुढे वाचा.

फोटो: पाट्या, दिवसा आणि रात्री, गाडीच्या जागेवरून वाचता येतात की नाही ते दिसेल असे. पुरे.

व्ही५सी वरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा (लॉगबुक), पत्ता. भाडेकरू घरं बदलतो आणि हे विसरतो. कंपनी कीपरचा, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली त्याचा, पत्ता डीव्हीएलए या वाहननोंदणीच्या सरकारी खात्याकडून घेते. पत्ता जुना असेल तर सगळी पत्रं जुन्या घरी जातात, कोर्टाचा दावासुद्धा, आणि तुम्हाला पत्ता नसताना एकतर्फी सीसीजे (पैसे भरा असा काउंटी कोर्टाचा निकाल) लागतो. तो सहा वर्षं नोंदीत राहतो; पुढचं घर भाड्याने घेताना किंवा मॉर्गेज मागताना समोर येतो. पत्ता बदलणं फुकट आहे. आज करा.

आता ड्रायव्हर आणि कीपर. कंपनीला लिहिताना तुम्ही ‘नोंदणीकृत कीपर’. गाडी चालवत होता तो ‘ड्रायव्हर’. मी, माझी बायको, आमचे पाहुणे, यातलं काहीही लिहायचं नाही. कीपरकडून पैसे मागायचे तर कंपनीला २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टच्या चौथ्या परिशिष्टातल्या अटी पाळाव्या लागतात. काचेवर नोटीस लावली नसेल तर कीपरला पत्र १४ दिवसांच्या आत पोचलं पाहिजे. काचेवर लावली असेल तर २८ दिवस उलटल्यावर आणि ५६ च्या आत. चुकलं तर कीपर जबाबदार नाही, मागायचं ते ड्रायव्हरकडे. आणि ड्रायव्हर कोण हे तुम्हीच पहिल्या पत्रात सांगून टाकलं असेल तर हा मुद्दा तुम्हीच जाळला. नाव सांगायची सक्ती नाही. खोटं मात्र बोलू नका. कोर्टात थेट विचारलं तर खरं सांगायचं.

पहिलं पत्र कंपनीला नव्हे, मॅनेजिंग एजंटला. कंपनीला त्यांनीच आणलंय, रद्द करायला तेच सांगू शकतात. ‘पार्किंग कंपनीशी बोला’ हे ठरलेलं उत्तर येईल. परत लिहा: लीजच्या कोणत्या कलमाखाली हे लागू केलंत? लीज हातात नसेल तर हा प्रश्न तुम्हाला विचारताच येत नाही, समजतंय ना?

सोबत कंपनीकडे अपील, दिलेल्या मुदतीत. कीपर म्हणून, लीजचं कलम शब्दशः उतरवून, त्या पानाची प्रत जोडून. कंपनीने जमीनमालकाशी केलेला करार दाखवावा, असंही लिहा. दिलगिरी नाही, घरच्या अडचणी नाहीत, परमिटची कहाणी तर अजिबात नाही. लवकर भरल्यास सवलत, या ओळीने घाबरून जाऊ नका; ती घाबरवायलाच असते.

नकार येईल. पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना आहेत, बीपीए आणि आयपीसी, आणि दोघींची अपील ऐकणारी वेगळी सेवा आहे. कंपनी बीपीएची सभासद असेल तर पॉप्ला, २८ दिवस. आयपीसीची असेल तर आयएएस, २१ दिवस. फुकट आहे. पॉप्लाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. तिथेही तेच जोडायचं: लीज, टेनन्सी, लँडलॉर्डच्या ओळी, फोटो, या क्रमाने.

हरलात तर वसुलीवाल्यांची लाल अक्षरांतली पत्रं येतात, वर ६०-७० पौंड चढवून. ते बेलिफ (कोर्टाच्या हुकमाने वसुली करणारे) नाहीत, दारात आले तरी काही करू शकत नाहीत. फाइलला लावा. ‘लेटर बिफोर क्लेम’, म्हणजे दावा लावण्याआधीचं पत्र, आलं की मात्र उत्तर द्यायचंच, ३० दिवस असतात.

कोर्टाचा दावा आला तर तो मिळाल्याची पोच १४ दिवसांत ऑनलाइन, मग बचावाला बजावणीपासून एकूण २८. मध्यस्थीचा फोन येतो, मे २०२४ पासून सक्तीचा आहे. घ्या, लीजवर ठाम राहा. साक्षीपत्रक आणि कागद, लीज संपूर्ण, कोर्टाने दिलेल्या तारखेआधी कोर्टाला आणि समोरच्याला. हरलात आणि महिन्याच्या आत भरलंत तर सीसीजे नोंदीतून जातो. सुनावणीला पगाराची स्लिप न्या. जिंकलात तर बुडालेल्या दिवसाचे ९५ पौंडांपर्यंत मागता येतात, पण ते तुम्हालाच मागावे लागतात.